तीन क्रँक, सहा पिस्टन: डेल्टिकचा एक त्रिकोण हाताने फिरवण्याच्या नोंदी (सोलापूर)

९ जून

काम काय आहे ते आधी लिहितो. नेपिअर डेल्टिक हे ब्रिटिश नौदलाच्या वेगवान बोटींसाठी बनवलेलं टू-स्ट्रोक डिझेल इंजिन. समोरून बघितलं तर उलटा त्रिकोण दिसतो. तीन कोपऱ्यांवर तीन क्रँकशाफ्ट, तीन बाजूंवर तीन सिलेंडर, आणि प्रत्येक सिलेंडरमध्ये समोरासमोर धावणारे दोन पिस्टन. सिलेंडर हेड नाही, व्हॉल्व्ह नाहीत, फक्त सिलेंडरच्या भिंतीला भोकं. असे सहा त्रिकोण एकामागे एक ठेवले की १८ सिलेंडर आणि ३६ पिस्टनांचं इंजिन होतं. इंग्लिश इलेक्ट्रिकने १९५५ मध्ये अशी दोन इंजिनं एका रेल्वे लोकोत बसवली, ३,३०० अश्वशक्तीची. मग १९६१-६२ मध्ये तशा २२ लोको झाल्या, लंडन ते एडिनबरो ताशी १०० मैलांनी धावायच्या. २ जानेवारी १९८२ ला ब्रिटिश रेलच्या सेवेतली त्यांची शेवटची फेरी झाली.

मला यातला एक त्रिकोण बनवायचा आहे. इंधनावर चालणारा नाही. हाताने हँडल फिरवायचं आणि सहा पिस्टन कसे नाचतात ते पारदर्शक सिलेंडरमधून बघायचं.

माझा धंदा यंत्रमागाच्या सुट्या भागांचा. वडील गिरणीत जॉबर होते, पहिली पाळी सुटली की मला सायकलवर पुढे बसवून स्टेशनच्या पुलावर न्यायचे. डब्ल्यूडीएम-टू डिझेल लोको उभी असायची, पायाखालचा पूल थरथरायचा. कुर्डुवाडीला गेलो की नॅरोगेजची छोटी डिझेल लोको बघायला मिळायची, ती लाइनसुद्धा आता ब्रॉडगेज झाली. सोलापुरावरून जाणाऱ्या गाड्यांना विजेची लोको लागते. डिझेलचं वेड तेव्हापासूनचं, आणि त्या वेडात सगळ्यात खोल रुतून बसलेलं इंजिन म्हणजे हे, जे मी प्रत्यक्ष कधी बघितलेलं नाही.

मापं ठरवली: सिलेंडरचा बोअर (आतला व्यास) ४० मिमी, क्रँकचा थ्रो (मध्यापासून पिनपर्यंतचं अंतर) २८ (म्हणजे स्ट्रोक, पिस्टनची धाव, ५६), कनेक्टिंग रॉड १००, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ३०५. मूळ इंजिनाचा बोअर सव्वापाच इंचांना जरा कमी आणि प्रत्येक पिस्टनचा स्ट्रोक सव्वासात इंच. प्रमाण जवळपास तेच ठेवलं आहे.

१५ जून

लोखंडाला हात लावायच्या आधी पुठ्ठ्यावर करून बघितलं हे फार बरं झालं. मिठाईच्या खोक्याचे तीन गोल कापले, टाचण्यांनी बसवले, आइस्क्रीमच्या काड्या रॉड म्हणून लावल्या. तिन्ही क्रँक एकाच दिशेने फिरणार असं मी धरून चाललो होतो.

पहिल्या सिलेंडरचे दोन्ही पिस्टन जुळवले: दोघं एकाच वेळी मध्यभागी येतात, एकाच वेळी लांब जातात. दुसरा सिलेंडर जुळवला. आणि तिसऱ्यात एक पिस्टन आत येतोय तर समोरचा बाहेर पळतोय. दोघांमधली जागा कमीच होत नाही, मग हवा दाबली जाणार कुठून? तिसरा जुळवला तर पहिला बिघडला. संध्याकाळ त्यातच गेली.

धाकटी मुलगी नववीत आहे. तिने वहीवर त्रिकोण काढून दिला तेव्हा डोक्यात उजेड पडला. कोपऱ्यातल्या दोन सिलेंडरांमध्ये ६० अंशांचा कोन आहे. क्रँकची पिन एकच, ती एका सिलेंडरकडे रोखली गेली की दुसऱ्याकडे रोखायला ६० अंश उशीर करते. तिन्ही कोपरे एकाच दिशेने फिरले की तीनदा ६०, म्हणजे १८० अंशांची तूट जमते. ती कुठल्यातरी सिलेंडरच्या गळ्यात पडणारच. नेपिअरवाल्यांनाही हीच अडचण आली होती. नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या हर्बर्ट पेनवॉर्डन या ड्राफ्ट्समनने सुचवलं की एक क्रँकशाफ्ट उलटा फिरवा.

पुठ्ठ्यावर खालचा क्रँक उलटा केला. आता हिशेब ६० अधिक ६० वजा ६०, उरले ६०. ते तीन सिलेंडरांत सारखे वाटले की प्रत्येकात २० अंश. डेल्टिकमध्ये एक्झॉस्टकडचा (जळलेला वायू बाहेर जातो त्या बाजूचा) पिस्टन हवेकडच्या पिस्टनच्या २० अंश पुढे असतो हे मी खूप पूर्वी वाचलं होतं, आणि मला वाटायचं की हा आकडा कुणीतरी चाचण्या घेऊन निवडला असेल. अमेरिकेच्या फेअरबँक्स-मोर्स इंजिनातही समोरासमोर पिस्टन आहेत, पण तिथे दोनच क्रँक, एक वर एक खाली, त्यामुळे लीड, म्हणजे एक पिस्टन दुसऱ्याच्या किती अंश पुढे, ते बनवणारा ठरवतो. त्यांनी १२ अंश ठेवला. डेल्टिकमध्ये २० हा आकडा त्रिकोणाच्या पोटातूनच निघतो. शिवाय प्रत्येक क्रँकच्या वाट्याला एक एक्झॉस्ट पिस्टन आणि एक हवेचा पिस्टन येतो, कुणावर जास्त नाही, कुणावर कमी नाही. रात्री साडेअकराला मी तो पुठ्ठा फिरवत बसलो होतो. आज लोखंडाचं काही काम झालं नाही, तरी आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा दिवस हाच.

२३ जून

रॉडची जागा. एका पिनवर दोन रॉड यायचे. साधा विचार केला होता: एक पुढच्या थरात, एक मागच्या थरात. कागदावर कोपऱ्याकोपऱ्याने गेलो. डावीकडच्या क्रँकवर आडव्या सिलेंडरचा रॉड पुढे, तिरक्याचा मागे. उजवीकडेही आडव्याचा पुढे, म्हणजे त्या बाजूच्या तिरक्याचा मागे. खाली आलो तर दोन्ही तिरके मागच्याच थरात, एकाच पिनवर एकाच जागेत! सिलेंडर तीन आणि थर दोन, हे जमणारच नाही.

उपाय मूळ इंजिनात आहे तोच: एक रॉड काट्यासारखा दुभागलेला, दुसरा पातळ, तो काट्याच्या मधून जातो. तिन्ही सिलेंडर एकाच पातळीत राहतात. काट्यासाठी १२ मिमी जाडीची ॲल्युमिनियम पट्टी, पातळ रॉडसाठी ६ मिमी. काट्याची खाच ६.२ ठेवली. आधी ६.०५ ठेवली होती, एका पट्टीवर करून बघितलं तर रॉड जरा कलला की धरतो.

१४ जुलै

८ मिमी एमएस (साध्या पोलादाची) प्लेट एमआयडीसीत लेझर कटिंगला दिली होती, ती आली. प्लेट आणि कटिंग मिळून ३,२०० रुपये. इथे माझी चूक. ६२०२ बेअरिंगचा बाहेरचा व्यास ३५, म्हणून ड्रॉइंगमध्ये भोक ३५ लिहिलं. लेझर स्वतःच्या जाडीएवढं खातो, वर भोक एका तोंडाला मोठं आणि दुसऱ्या तोंडाला लहान निघतं. बेअरिंग हाताने आत सरकलं आणि हाताने हललंही.

आमचे टर्नर अण्णा प्लेट हातात घेऊन म्हणाले, "एवढी मोठी प्लेट माझ्या लेथवर कुठं मावायलीय बे? लेझरच्या भोकावर बेअरिंग बसवू नको. हाउसिंग करू."

तसंच केलं. तीन गोल हाउसिंग लेथवर करून घेतली, प्रत्येकात दोन बेअरिंग, आणि ती प्लेटला चार-चार बोल्टांनी आवळली. प्लेटची भोकं अण्णांच्याच सांगण्यावरून बोल्टपेक्षा अर्धा मिमी मोठी केली. त्यामुळे ३०५ चं अंतर तिन्ही बाजूंना बसवताना हाउसिंग जरा इकडेतिकडे सरकवता आलं. नंतर कळलं की हा अर्धा मिमी नसता तर पुढचं काहीच जुळलं नसतं. बारा दिवस आणि हाउसिंगचा खर्च अंगावर आला, पण जो कुणी हे करेल त्याने पहिल्यापासून हाउसिंगच करावं.

४ ऑगस्ट

क्रँकच्या तीन डिस्क. पिनचं भोक मी स्वतः ड्रिल मशीनवर मारलं, सेंटर पंचने खूण करून. थ्रो २८ हवा होता. आला २७.४, २८.१ आणि २८.६. डोळ्याला फरक दिसत नाही, पण दोन पिस्टन ४० मिमीच्या नळीत समोरासमोर येतात आणि मधली जागा ५ मिमी धरलेली, तिथे तो दिसणारच.

तिन्ही डिस्क भंगारात. नवीन तीन एकावर एक ठेवून, मधल्या भोकात एकच शाफ्ट घालून, एकदाच आरपार ड्रिल केलं आणि रीमर फिरवला. आता तिन्ही २८.० आणि काहीतरी थाऊ (इंचाचा हजारावा भाग), पण तिन्ही सारखे. आकडा चुकला तरी चालेल, तिघांचा सारखाच चुकायला हवा.

१८ ऑगस्ट

सिलेंडर. ॲक्रिलिकची नळी पुण्याहून मागवली, १,४०० रुपये. आतला व्यास ४० छापलेला. वर्नियर लावला तर एका दिशेने ३९.६, नळी वळवून मोजलं तर ४०.३. गोल नाहीच, जरा चपटी आहे. नायलॉनचे पिस्टन ३९.८ ला टर्न करून ठेवलेले, ते अर्ध्यात जाऊन अडकले. पुन्हा लेथवर चढवून ३९.३ केले. आपल्याला कॉम्प्रेशन धरायचं नाही, त्यामुळे ढिले चालतात. नळी आधी मोजा आणि मग पिस्टन टर्न करा. सहा पिस्टन दोनदा करायला लागले.

नळीचे १७५ मिमीचे तीन तुकडे केले. करवतीने कापलेली कड पाण्याच्या पेपरवर घासून साफ केली.

८ सप्टेंबर

तीन क्रँक एकमेकांना जोडायचे कसे यावर दीड महिना विचार चालला होता. पहिला विचार घरचाच: भंगारातल्या मागांची गिअरं. मागाच्या क्रँकशाफ्टवर एक छोटं गिअर आणि खालच्या शाफ्टवर दुप्पट दातांचं मोठं असतं. दुकानात ढीग आहे. पण मधल्या एका मोठ्या गिअरला तिन्ही लावले की तिघं एकाच दिशेने फिरतात, आणि तिसऱ्यासाठी मधे आणखी एक गिअर घालायला जागाच उरत नाही, कारण तिन्ही कोपरे मध्यापासून सारख्याच अंतरावर. वर ती बिडाची गिअरं वापरून झिजलेली, दोन दातांत बोट हलेल एवढी फट.

मग सायकलची चेन सुचली. चेनला आत-बाहेर असा भेद नाही, दोन्ही बाजूंनी दातांवर बसते. वरचे दोन क्रँक चेनच्या वेढ्याच्या आत, आणि खालचा वेढ्याच्या बाहेर. चेन त्याच्या डोक्यावरून घासून जाते, त्यामुळे तो आपोआप उलटा फिरतो. खालच्याच्या दोन्ही बाजूंना गिअरच्या सायकलच्या डिरेलरमधली दोन छोटी दातेरी चाकं, चेन खाली ओढून धरायला.

दातेरी चक्रं म्हणून सायकलची १८ दातांची फ्रीव्हील घेतली, नगाला १३० रुपये. फ्रीव्हील एका दिशेने सुटतं, म्हणून आतून वेल्डिंग मारून जाम केलं. वेल्डिंगच्या तापाने एक चक्र मिलिमीटरभर तिरकं झालं. प्रत्येक फेऱ्यात चेन एकदा ताठ, एकदा ढिली. आजचा दिवस वाया.

१५ सप्टेंबर

वेल्डिंगचा नाद सोडला. नवीन फ्रीव्हील आणून आतलं सगळं काढून टाकलं, बाहेरची दातेरी कडी तेवढी ठेवली. ती कडक असते, साध्या टूलने कापत नाही. अण्णांनी कार्बाइडची टिप लावून बोअर केली आणि त्यात हब (कडीला शाफ्टशी जोडणारा मधला भाग) बसवला. आता एकही हलत नाही.

पण चेन उडते. हँडलवर जरा जोर दिला की खालच्या क्रँकवरून टक् करून एक दात सुटतो. बघितलं तर चेन खालच्या चक्राच्या तीनच दातांवर बसत होती. डिरेलरची चाकं मी फार वर बसवली होती. ती खालच्या क्रँकच्या मध्यापासून ४६ मिमी खाली आणि ७५ मिमी बाजूला नेली, आता सात दात धरतात. उडणं बंद.

चेन जुनी वापरली होती, तीही बदलली. २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच असायला हवं, जुनी १२ इंच आणि एक सूत भरली.

२९ सप्टेंबर

टायमिंग, म्हणजे कुठला पिस्टन कधी टोकाला पोचतो ते जुळवणं. ही नोंद लांब आहे, कारण सगळं काम इथेच आहे.

१८ दात म्हणजे एक दात बरोबर २० अंश. मी खूश होतो की लीड दात मोजूनच लागेल. प्रोट्रॅक्टर लावायचीही गरज नाही असं वाटलं. चेन बसवली, दात मोजले, फिरवलं. पिस्टन जुळल्यासारखे दिसले.

मग मोजलं. पिस्टन टोकाला पोचतो तिथे तो काही अंशांपर्यंत हललेला दिसतच नाही, त्यामुळे "आता टोकाला आहे" असं डोळ्याने ठरवलं तर पाच अंशांची चूक सहज होते. रीत अशी: क्रँकच्या डिस्कवर ३६० अंशांचा छापलेला कागद चिकटवा. सिलेंडरमध्ये पिस्टनच्या वाटेत टोकाच्या जरा अलीकडे एक अडसर धरा. एका दिशेने फिरवून पिस्टन अडसराला टेकला की अंश लिहा, उलट्या दिशेने फिरवून पुन्हा टेकवा, अंश लिहा. दोन्हींचा मध्य म्हणजे खरं डेड सेंटर. सहाही पिस्टनांचं असं केलं.

लीड निघाला: आडव्या सिलेंडरमध्ये १३, उजव्या तिरक्यात २९, डाव्या तिरक्यात १८. तिन्हींत २० हवे होते.

कारण साधं आहे. चेनची लांबी एका क्रँकपासून दुसऱ्यापर्यंत पूर्ण कड्यांतच भरेल असं काही नाही. पाऊण कडी उरली तर पाऊण दाताएवढा क्रँक वळलेला राहतो. दात मोजून फक्त २० अंशांच्या उड्या मारता येतात, मधलं काही लागत नाही.

धाकटीने आकडे बघितले आणि बेरीज केली. १३, २९, १८. साठ. मी एक क्रँक जरा सैल करून फिरवला, पुन्हा मोजलं: १६, २६, १८. पुन्हा साठ. मुद्दाम एक दात उडवून बघितला: एका सिलेंडरचे २० वाढले, दुसऱ्याचे २० घटले, बेरीज तीच. काहीही केलं तरी त्रिकोण ६० च देतो. एका सिलेंडरला दिलं की दुसऱ्याचं जातं. जूनमध्ये पुठ्ठ्यावर जे कळलं होतं ते आज लोखंडात हाताला लागलं. तेव्हापासून मी ही बेरीजच तपासणीसाठी वापरतो. बेरीज ५७ आली तर टायमिंग चुकलेलं नाही, मोजणं चुकलं आहे.

६ ऑक्टोबर

तिन्ही हबना सरळ भोकांऐवजी कमानीसारख्या खाचा पाडून घेतल्या, दोन्ही बाजूंना १२ अंश फिरवता येईल एवढ्या. आता बोल्ट ढिले करून दातेरी कडी तिथेच ठेवायची आणि क्रँक हवा तेवढा वळवून आवळायचा.

पुढे कुणाला लागेल म्हणून बसवण्याची रीत लिहून ठेवतो. समोरून बघताना वरचे दोन्ही क्रँक घड्याळाच्या दिशेने, खालचा उलटा. डाव्या क्रँकची पिन सरळ उजव्या क्रँककडे रोखा आणि तिथेच पकडून ठेवा. उजव्या क्रँकची पिन डाव्याकडे रोखायला अजून २० अंश बाकी असावी. खालच्याची पिन उजव्या क्रँककडे रोखून २० अंश पुढे गेलेली असावी. एवढं लावलं की तिन्ही सिलेंडर आपोआप बसतात.

संध्याकाळी मोजलं: २०, २१, १९.

२० ऑक्टोबर

दोन आठवडे बरं चाललं आणि आज १७, २६, १७. कुणी हात लावलेला नाही.

चेन थोडी सैल झाली होती म्हणून मी मधे उजव्या बाजूचं डिरेलरचं चाक स्प्रिंगने ताणलं होतं. या चक्रांवर चेनची लांबी एक मिलिमीटर बदलली की दीड अंश फरक पडतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही. हँडल डाव्या क्रँकवर होतं. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की डावा क्रँक चेन खालून ओढतो, ओढ खालच्या क्रँकपर्यंत, तिथून उजव्या चाकावरून उजव्या क्रँकपर्यंत जाते. म्हणजे माझी स्प्रिंग ताणलेल्या भागात बसली होती. हँडलवर जोर दिला की स्प्रिंग दबायची आणि टायमिंग जोराप्रमाणे मागेपुढे व्हायचं.

स्प्रिंग हलवायचा विचार करत होतो. अण्णा म्हणाले, "स्प्रिंग राहू दे की तिथंच. हँडल तिकडं लाव." हँडल उजव्या क्रँकवर आणलं. आता ओढ वरून डाव्या क्रँककडे, तिथून खालच्याकडे जाते, आणि उजव्या चाकाच्या भागात चेन ढिली असते. ढिलाई स्प्रिंग खाते, टायमिंगला हात लागत नाही. अर्ध्या तासाचं काम. पुन्हा मोजलं: २०, २०, २०. जोर देऊन, न देता, तेच.

१७ नोव्हेंबर

दिवाळीत दुकान बंद, त्यामुळे सिलेंडरच्या भोकांना वेळ मिळाला. एका टोकाला हवेची भोकं, दुसऱ्या टोकाला एक्झॉस्टची. पहिल्याच नळीला ड्रिल पलीकडे निघताना तडा गेला, भोकापासून कडेपर्यंत. दुसरी पाचव्या भोकाला गेली. नवीन नळी, ९०० रुपये.

यंत्रमागाच्या दुकानात ॲक्रिलिकची सवय कुणालाच नाही. शेवटी नंबरप्लेट बनवणाऱ्या एकाने सांगितलं: ड्रिलची धार पेपरवर घासून बोथट कर म्हणजे ती रुतणार नाही, नळीत आतून लाकडी दांडा ठोकून बसव, आणि साबणाचं पाणी टाकत हळू मार. त्यानंतर ४२ भोकं मारली, एकही तडा नाही.

८ डिसेंबर

मामा आले होते. तेहतीस वर्षं रेल्वेत, त्यातली बरीच डब्ल्यूडीएम-टूवर. खुर्ची ओढून मॉडेलसमोर बसले आणि पंधरा मिनिटं हँडल हळूहळू फिरवत राहिले, काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आवाज कसा असेल रे याचा?"

बसून हिशेब केला. डब्ल्यूडीएम-टूचं अल्को इंजिन १६ सिलेंडरचं, फोर-स्ट्रोक, म्हणजे एका फेऱ्यात ८ सिलेंडर पेटतात, दर ४५ अंशांना एक. हजार आरपीएमला सेकंदाला १३३ ठोके. मामांच्या कानात तोच आवाज बसलाय, धडधड वेगळी ऐकू येणारा. डेल्टिक टू-स्ट्रोक, १८ सिलेंडर, प्रत्येक फेऱ्यात सगळे पेटतात. दर २० अंशांना एक. १,५०० आरपीएमला सेकंदाला ४५०, आणि लोकोत अशी दोन इंजिनं. तिथे ठोके वेगळे ऐकू येणारच नाहीत, एक सलग घुमणारा सूर होणार.

मामांनी मान हलवली. "म्हणजे ती धडधडत नसेल. घुमत असेल." आणि पुन्हा हँडल फिरवायला लागले.

२९ डिसेंबर

धूर. माशांच्या टाकीचा छोटा पंप, एका डब्यात चार उदबत्त्या, डब्यातून नळी हवेच्या भोकांवरच्या कड्याला. उजेड मागून, काळा कागद पाठीशी.

हँडल हळू फिरवलं. एक्झॉस्टकडचा पिस्टन आधी बाहेर सरकला, त्याची भोकं उघडली. क्षणभर काहीच नाही. मग हवेकडचा पिस्टन भोकांवरून मागे गेला आणि धूर आत शिरला, नळीभर एकाच दिशेने सरकत गेला आणि पलीकडच्या भोकांतून बाहेर पडला. परतताना आधी एक्झॉस्टची भोकं झाकली गेली, तरी हवेची अजून उघडीच, धूर आत साठतच राहिला. मग तीही बंद, आणि दोन पिस्टनांच्या मधे पांढरा गोळा दाबला जात लहान झाला. आधी जळलेलं बाहेर, मग ताजी हवा आत, मग दार लावून आणखी थोडी हवा. ते २० अंश यासाठी.

उलटं फिरवून बघितलं. हवेची भोकं आधी उघडली आणि एक्झॉस्टची शेवटी झाकली. बाकी सगळं तेच असूनही आत भरलेला धूर दाबला जायच्या आधीच एक्झॉस्टकडून निघून गेला. धाकटीने दोन्हींचं शूटिंग केलं. शाळेत दाखवायचं तर दोन्ही दाखवणार आहे.

२ जानेवारीच्या आत पुरं करायचं मनात होतं, त्या तारखेला डेल्टिक सेवेत शेवटची धावली म्हणून. पण खालच्या हाउसिंगचा एक बोल्ट आट्यांत घसरला आहे, तो बदलल्याशिवाय मी पूर्ण म्हणणार नाही.

९ जानेवारी

बोल्ट बदलला, ३०५ पुन्हा मोजलं. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत अण्णांचं लेथ बंद असतं, त्याआधी झालं.

हिशेब: प्लेट आणि कटिंग ३,२००, सगळं लेथकाम ६,५००, बेअरिंग ६६०, ॲक्रिलिक नळ्या २,३००, नायलॉन ८५०, ॲल्युमिनियम १,१००, फ्रीव्हील चार ५२०, चेन दोन ३४०, डिरेलरची चाकं १५०. एकूण १५,६२०. वेल्डिंग दुकानातल्याच मशीनवर केलं, ते धरलेलं नाही. यातले जवळपास चार हजार चुकांचे: पहिल्या तीन डिस्क, दोनदा टर्न केलेले पिस्टन, तडकलेल्या नळ्या, तिरकं फ्रीव्हील, झिजलेली चेन. सात महिने, बहुतेक रविवारी.

१९ जानेवारी

आतापर्यंत हाताने साधारण सहा तास फिरलं असेल. आज पुन्हा मोजलं: २०, २१, १९. बेरीज साठ. उजव्या क्रँकवरच्या काट्याच्या रॉडला पिनपाशी फट जाणवते, ॲल्युमिनियम सरळ पिनवर घासतंय. गनमेटलचे बुश घालावे लागतील, सहाही रॉडना. अण्णांना पुढच्या आठवड्यात वेळ आहे.